वास तुमच्या नाकात आहे

उखर्डू जन्मला तेव्हा त्याला उकिरड्यावर टाकलं होतं, तिथं त्याच्या तोंडात काहीतरी गेलं आणि ते आजतागायत आत कुजतंय, अशी कुजबुज रावेरकडच्या त्या गावात त्याला मिसरूड फुटल्यापासून चालू होती. काहीतरी म्हणजे नेमकं काय, यावर एकमत नव्हतं. सुपडू टेलर म्हणायचा, घुशीचं पिलू. तोताराम किराणावाला म्हणायचा, घूस कशाला, साधा शेणकिडा असेल. भिकुबाई मात्र छातीवर हात ठेवून सांगायची, किडाच होता, कारण तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे. तेव्हा ती चार वर्षांची होती आणि समोरच्या ओट्यावर बसून कणीस खात होती. चार वर्षांच्या पोरीला ओट्यावरून काय दिसणार, असं तिला कोणी विचारलं नाही. असं विचारलं की गोष्ट मरते, आणि मग चहा गोड लागत नाही.

उकिरड्याची गोष्ट मात्र खरी. ज्या बाईची पहिली लेकरं जगत नसत, ती पुढचं लेकरू झालं की त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवी. शेजारीण ते उचली आणि आई तिला सूपभर ज्वारी देऊन आपलंच लेकरू विकत घेई. लेकरं उचलून नेणारा जो कोण वर बसलाय, त्याला वाटावं की हा कचरा आहे, हा काय न्यायचा. म्हणून नाव उखर्डू. त्याच हिशेबानं सुपात घातलेला तो सुपडू, आणि भीक मागून आणलेली ती भिकुबाई. म्हणजे उखर्डूला नावं ठेवणारी ही मंडळीही काही महालात जन्मली नव्हती. पण सुपाला वास नसतो आणि उकिरड्याला असतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी जन्मभर धंदा केला.

उखर्डूच्या तोंडाला वास यायचा, हेही खरं. साधासुधा नाही. कांदा-लसणाचा वास दोन तासांत निघून जातो, तंबाखूचा वास तर माणसाची ओळखच होऊन बसतो. हा तसला नव्हता. सरकीची ढेप भिजलेल्या पोत्यात विसरावी आणि पंधरवड्यानं पोत्याचं तोंड सोडावं, तसा. आणि साऱ्या गावात हे ठाऊक नसलेला माणूस एकच होता. ज्याचं तोंड, तो.

त्याचं कारणही होतं. त्याची डावी नाकपुडी कायमची बंद, आणि उजवीलाही वास फारसा कळत नसे. ‘सर्दीचा कोठा आहे माझा,’ म्हणायचा आणि खांद्यावरच्या रुमालानं ती बाजू पुसत राहायचा. पिकल्या केळीचा वास कसा असतो, हे केळी पिकवणाऱ्या त्या माणसाला लोकांकडून ऐकून माहीत होतं. मग स्वतःचा वास कुठून कळणार?

उलट उखर्डूचा स्वतःविषयी समज फार चांगला होता. केळीचा व्यापारी मळ्यात आला की हा त्याच्या खांद्याला खांदा लावून एकेक घड दाखवायचा, आणि भाव दोन वाक्यांत ठरायचा. बाकीच्यांचे सौदे न्याहारीला सुरू होऊन जेवणापर्यंत चालत. “मी समोर उभा राहिलो का व्यापारी ताणतच नाही,” असं तो अभिमानानं सांगायचा. ग्रामसभेत तो जवळ येऊन काही सांगू लागला की सरपंच म्हणायचे, “भाऊ, तुम्ही माईकवर बोला, सगळ्यांना ऐकू द्या.” उखर्डू माईकवर बोलायचा. भजनात त्याची जागा दाराशी. “हवा लागते तिथं, भाऊ.” एसटीत त्याच्या शेजारचं बाक रिकामं राहायचं, आणि त्याला वाटायचं, लोक वयाचा मान राखतात. गावानं त्याला ‘अत्तरभाऊ’ म्हणायला सुरुवात केली तेव्हा तो कुठल्याशा लग्नात पाहुण्यांना अत्तर लावत फिरला होता, त्यामुळे त्याला त्या नावातही काही वावगं दिसलं नाही. उलट हाक आली की हसून मागे वळायचा.

करोना आला. जग घरात कोंडलं आणि उखर्डूचे मात्र चांगले दिवस आले. सगळ्यांच्या तोंडावर फडकी. सुपडूनं शिवलेले दुपदरी मास्क लावून माणसं त्याच्या ओट्यावर येऊन बसायची, तासन्‌तास बोलायची, आणि नियम अंतर ठेवायचा असूनही जवळ सरकायची. एवढी माणसं त्याच्याजवळ आयुष्यात कधी बसली नव्हती. पुढे मास्क सुटले, ओटा पुन्हा रिकामा झाला. कितीतरी दिवस तो हळहळून सांगायचा, “त्या रोगात मानुसकी होती बरं. रोग गेला, मानुसकी गेली.” लोक मान डोलवायचे. लांबून.

आणि घरात? बायको सुनंदाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून झोपायची. उखर्डूला वाटायचं, हिची डावी कूस दुखते. त्यानं तिच्यासाठी दोनदा तेल आणून दिलं होतं.

हे सगळं असंच चालायचं, कारण सगळ्यांची त्यात सोय होती. पण लेक मोनाली हिचं लग्न ठरलं आणि घडी विस्कटली.

मोनाली धुळ्याला औषधांचा कोर्स करायला गेली आणि तिथं तिनं स्वतःच मुलगा पाहिला. प्रेमराज त्याचं नाव, मूळचा सोनगीरचा, धुळ्यात एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला. पोरीनं स्वतः जमवलेलं, म्हणून घरात आधी चार दिवस आदळआपट झाली, मग सगळे नरमले. पाहुणे घर बघायला यायचे ठरले आणि नेमकी त्याच दिवशी केळीची कापणी निघाली. उखर्डू मळ्यात अडकला. संध्याकाळी परतला तर पाहुणे पसंती देऊन गेलेले. “कापनीच्या टोयीनं घोय केला,” असं तो सगळ्यांना सांगत सुटला. टोळीला ती तारीख त्याच्याच थोरल्यानं, हितेंद्रनं दिली होती, हे त्याला फार उशिरा कळलं.

त्याला आता एकच ओढ होती. एकुलत्या एक लेकीच्या कन्यादानाला पाटावर बसायचं. जन्मात एवढं एकच काम असं, की जिथं बापाला कोणी दाराशी बस म्हणू शकत नाही. त्यासाठी त्यानं पांढरा सदरा शिवायला टाकला, टोपीला नीळ दिली. शब्द येवोत न येवोत, भटजींबरोबर म्हणायचं म्हणून मळ्यात केळीच्या खोडांपुढे तो मंत्र पुटपुटायचा.

एके दिवशी सकाळी चहा पिताना हितेंद्रनं सांगितलं, मांडववाल्याचा निरोप सांगावा तितक्या सहज, “बाबा, कन्यादानाले हिलालकाका अन् काकू बसतीन.”

हिलाल हा उखर्डूचा धाकटा भाऊ. तोही तिथंच बसला होता, बशीत तोंड घालून.

“काहून? मी मेलो का?”

“तसं नाही. तुमचे गुडघे. मांडी घालून इतका वेळ बसनं होईन का तुमच्यानं?”

“माह्या गुडघ्याले काय धाड भरली?”

हितेंद्रनं हिलालकडे पाहिलं, हिलालनं छताकडे. उखर्डू उठला, धोतराचा सोगा खोचला आणि सगळ्यांच्या मधोमध उठाबशा काढू लागला. चांगल्या दम लागेपर्यंत काढल्या. मग फुसफुस श्वास टाकत भावापुढे जाऊन उभा राहिला, “सांग, कोनता गुडघा?” हिलालनं बशी खाली ठेवली आणि मान फिरवली. सून कामिनी कपबश्या गोळा करून आत निघून गेली.

सुनंदाबाई कोपऱ्यात तूर निवडत होती. तिनं सुपातून मानही वर केली नाही.

“गुडघे बरे हायेत तुमचे,” ती म्हणाली. “तोंडाले वास येतो तुमच्या. आजचा नाही. मी या घरात आली त्या दिवसापासून येतो. आता बसा खाली.”

उखर्डू बसला नाही. त्यानं विचारलं, “कोनाकोनाले माहीत हाय?”

“कोनाले नाही, ते ईचारा.”

त्या दिवशी तो मळ्यात गेला आणि एका जागी बसून त्यानं आपलं आयुष्य उलट्या बाजूनं वाचायला घेतलं. दोन वाक्यांत ठरणारे भाव. ग्रामसभेतला माईक. दारापासची हवा. एसटीतलं बाक. अत्तरभाऊ. एकेक आठवण येई आणि आतलं बाहेर होऊन पडे, बनियन उलटं काढावं तशी. सगळ्यात जास्त लागले ते करोनाचे दिवस. ते तरी खरे असतील असं त्याला वाटलं होतं. शेवटी सुनंदाबाईच्या कुशीला आणलेलं तेल आठवलं तेव्हा तो उठला आणि विनाकारण केळीच्या पाण्याचा पाट बदलायला गेला.

एरवी माणूस खचला असता. पण त्याला पाटावर बसायचं होतं, आणि लग्नाला अजून अवकाश होता. वास आहे ना, मग काढू. त्यानं कांदा सोडला, लसूण सोडला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या धरल्या. कडुनिंबाची काडी हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासली. सदऱ्याच्या खिशात वेलदोडे, दुसऱ्या खिशात लवंगा. तोताराम वेलदोडे पुडीत बांधताना विचारायचा, “भाऊ, लग्नाचा मसाला आताच?” आणि पुडी हातात न देता गल्ल्यावर ठेवायचा. आता उखर्डूला ते दिसायला लागलं होतं.

आठवडे बाजारात एक दातवाला बसायचा. चादरीवर काढलेल्या दातांचा ढीग, हातात पक्कड. त्यानं उखर्डूचं तोंड उघडून पाहिलं, “मुळातच सडलंय, आबा,” म्हणाला आणि दोन दाढा उपटून हातावर ठेवल्या. गाल सुजला. वास जिथल्या तिथं.

तेव्हा कामिनी बोलली. ती घरात कमी बोलायची, पण बोलली. “मामा, तो बजारातला मानूस डॉक्टर नाही. जळगावले जा, खऱ्या डॉक्टरले दाखवा. घरच्या घरी लवंगा चावून इतक्या वर्षांचं दुखणं जात नाही.” हितेंद्र सोबत यायला निघाला तर उखर्डू नको म्हणाला. शेजारी बसणाऱ्यानं खिडकीकडे मान वळवलेली पाहत जळगावपर्यंत जायचं, यापेक्षा एकटं बरं.

जळगावचा डॉक्टर तरुण होता, पण कामाला चोख. त्यानं खुर्चीत आडवं करून एकेक दात टोकरला, हिरड्या दाबून पाहिल्या, जिभेचा मागचा भाग खरवडून पाहिला, घशात दिवा मारला. मग विचारणं सुरू केलं. तंबाखू? नाही. तोंड कोरडं पडतं? नाही. साखरेचा आजार, छातीत जळजळ, कसल्या रोजच्या गोळ्या? नाही, नाही, नाही.

“काका, बहुतेकांचा वास तोंडातच असतो,” डॉक्टर म्हणाला. “कीड लागलेला दात, हिरड्यांतला पू, जिभेवरचा थर. तुमच्या तोंडात यातलं काही नाही. आणि या दोन दाढा कोणी काढल्या? कोणत्याही कारणाशिवाय काढल्यात.”

मग त्यानं उखर्डूला नाक चिमटीत धरून तोंडानं श्वास सोडायला लावला. नंतर तोंड मिटून नाकानं. मास्क खाली करून स्वतः वास घेतला, आणि एवढं जवळ येऊन तोंड न फिरवणारा तो पहिला माणूस, हे उखर्डूनं मनात टिपलं.

“तोंड स्वच्छ आहे तुमचं,” डॉक्टर म्हणाला. “वास नाकातून येतो. नाकाच्या डॉक्टरला दाखवायला लागेल.” बाहेर दहा पेशंट बसले होते. दाराशी पोचलेल्या उखर्डूला त्यानं पुन्हा एकदा सांगितलं, “नाकाच्या डॉक्टरला, काका. विसरू नका.”

आता यात न समजण्यासारखं काय होतं? पण माणसाला जे हवं असतं तेच कानात शिरतं, आणि त्यात आपली भाषाही मेली अशी, की वास ज्याच्यातून निघतो त्यालाही येतो आणि जो हुंगतो त्यालाही येतो. एसटीत बसल्या बसल्या उखर्डूनं डॉक्टरचं बोलणं चघळलं. तोंड स्वच्छ आहे. वास नाकातून येतो. म्हणजे काय? वास येतो तो नाकातूनच येणार, कानातून थोडाच येईल. मग कोणाच्या नाकात बिघाड आहे? ज्याला वास येतो त्याच्या. भुसावळ मागे पडेपर्यंत त्याचा हिशेब पक्का झाला. रावेरच्या स्टँडवर उतरला तो माणूस दोन दाढा कमी असलेला, पण ताठ होता.

थेट तोतारामाच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. सुपडू तिथंच होता, गळ्यात माप घ्यायची पट्टी अडकवून.

“जळगावच्या मोठ्या डॉक्टरले दाखवून आलो,” उखर्डूनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “तोंड साफ हाय म्हने. वास माह्या तोंडात नाही. तुमच्या नाकात हाय.”

सुपडूचा चेहरा सरळ राहिला. असल्या वेळी चेहरा सरळ ठेवणं हीच तर त्याची कला. “आमच्या नाकात?”

“नाकाच्या डॉक्टरले दाखवा म्हने.”

“म्हंजे बठ्ठ्या गावाले न्यावं लागीन, भाऊ,” सुपडू म्हणाला. त्याची आई धुळ्याकडची, त्यामुळे ‘सगळ्या’ला तो तिकडच्यासारखं ‘बठ्ठ्या’ म्हणायचा. “ट्रॅक्टर करू का केयीचा ट्रक?”

“तुमचं तुम्ही पाहा,” म्हणून उखर्डू निघून गेला. त्यानंतर जे हसू फुटलं ते तोतारामाच्या दुकानात आठवडाभर पुरलं. गावाला नवी म्हण मिळाली. कोणाचा हिशेब चुकला, कोणाच्या म्हशीचं दूध पातळ निघालं, की म्हणायचं, “दूध घट्टच हाय, पानी तुमच्या डोळ्यात हाय.”

घरी त्यानं सुनंदाबाईला सांगितलं, “लग्न झालं का तुले नाकाच्या डॉक्टरकडे नेतो. लई वर्षांचं बिघडेल हाय तुहं.” सुनंदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून लग्नापर्यंत ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. कामिनीनं मात्र दाराआडून विचारून पाहिलं, “मामा, डॉक्टर तुमच्या नाकाचं तर नसतीन बोलले?”

“नाक माहं असतं तर मले वास आला नसता का?” उखर्डू कडाडला. सून पुन्हा कामाला लागली. आणि नाकाच्या डॉक्टरकडे जायचे दिवस असे हातातून गेले.

लग्न गावातच होतं. उखर्डूनं पहाटेच अंघोळ केली, नवा सदरा घातला, निळीची टोपी चढवली. त्याच्या मते मामला मिटला होता. डॉक्टरनं निकाल दिला, आता कोणाचं काय? तो मांडवात आला तेव्हा पाटावर हिलाल बसला होता. शेजारी त्याची बायको, पदराला गाठ मारलेली. भटजींनी पाणी शिंपडून सुरुवातही केली होती.

“ऊठ,” उखर्डू हळूच म्हणाला.

हिलाल उठला नाही. हितेंद्रनं पुढे होऊन बापाचा दंड धरला. “बाबा, पाहुने समोर बसले हायेत. तमाशा नका करू. तुम्ही पंगतीकडे पाहा.”

समोर प्रेमराजचे वडील, सुकदेवनाना, कुतूहलानं बघत होते. मोनाली अंतरपाटामागे होती. उखर्डूनं दंड सोडवून घेतला आणि तो पंगतीकडे गेला.

मांडवामागे कढया चढल्या होत्या. बट्ट्या तळून टोपल्यांत पडत होत्या, वरणाला उकळी आली होती. आचाऱ्यानं त्याला पाहिलं आणि तुपाचा डबा पलीकडे सरकवायच्या निमित्तानं दोन पावलं मागे झाला. भोंग्यातून सगळं ऐकू येत होतं. भटजींनी विचारलं, “मुलीच्या वडिलांचं नाव?” हिलालनं सांगितलं आणि साऱ्या गावावरून ते भोंग्यातून गेलं, उखर्डू. कढईपाशी कोणीतरी फसकन हसलं. उखर्डू बट्ट्या मोजत असल्यासारखा टोपलीकडे पाहत राहिला. पाठ केलेले मंत्र भोंग्यातून येत होते आणि त्याचे ओठ आपोआप हलत होते.

पाठवणीच्या वेळी मोनाली सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. आई, भाऊ, काकू, कामिनी. प्रत्येकाच्या खांद्यावर तिचा हुंदका फुटायचा आणि छाती वरखाली व्हायची. शेवटी ती बापाच्या गळ्यात पडली. घट्ट धरलं तिनं. पण उखर्डूच्या हाताखाली तिची पाठ अगदी स्थिर होती. हुंदका नाही, श्वास नाही. पाण्यात बुडी मारलेल्या माणसासारखी ती त्याला धरून उभी होती. मग बाजूला झाली, आणि गाडीकडे वळता वळता तिनं तोंड उघडून मोठा श्वास घेतला.

गाव खोटं बोलू शकतं, भाऊ खोटं बोलू शकतो. पोरीचा श्वास खोटं बोलत नव्हता. गाडी गेल्यावर उखर्डू मांडवात एकटाच टेकला आणि जळगावच्या डॉक्टरनं दाराशी पुन्हा एकदा काय सांगितलं होतं, ते त्यानं पहिल्यांदा नीट ऐकलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला भाऊ जातो. यंदा हितेंद्र निघाला तर उखर्डू म्हणाला, मी जातो. धुळ्याला मोनालीच्या दोन खोल्यांच्या घरात तो पोचला, पाणी प्यायला, आणि जावई ऑफिसला निघाल्यावर म्हणाला, “मले नाकाच्या डॉक्टरकडे ने.”

“चला,” मोनाली म्हणाली. तिनं का म्हणून विचारलं नाही.

रिक्षात तो बाहेर पाहत बोलला. “त्या दिवशी तू श्वास धरून ठेवला होता.”

मोनाली म्हणाली, “लहानपनापासून धरते, बाबा. मले वाटे, बापाले भेटताना सगळेच धरतात.”

“मंग औषधांचं शिकली, तव्हा तरी सांगायचं.”

“सांगणार होते. दर सुटीत ठरवून यायची.” ती पदराशी चाळा करत राहिली. “तुम्ही खूश दिसायचे.”

नाकाच्या डॉक्टर एक मध्यम वयाच्या बाई होत्या, सुलक्षणाताई म्हणून सगळे ओळखत. त्यांनी डाव्या नाकपुडीत बारीक दुर्बीण घातली आणि पडद्यावर पाहून थांबल्या. “काका, लहानपणी नाकात काही घातलं होतं का?”

“ठावं नाही.”

“इथं खडा आहे. करड्या रंगाचा, शेंगदाण्याहून मोठा. आत काहीतरी अडकलंय आणि त्यावर वर्षानुवर्षं थर बसत गेलाय. मागे पू साचतो, नाकातला श्वास त्याच्यावरून बाहेर येतो. त्याचा वास.” मग त्या म्हणाल्या, “याआधी कोणी सांगितलं नाही, नाक दाखवा म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

उखर्डूनं खांद्यावरच्या रुमालानं नाकाची डावी बाजू पुसली. मोनालीनं बापाकडे पाहिलं.

“पहिलीदुसरीत असताना कोणी दाखवलं असतं तर चिमट्यानं निघालं असतं,” सुलक्षणाताई हात धुताना म्हणाल्या. त्या वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. पण ते वाक्य उखर्डूनं धुळ्याहून घरी नेलं.

भूल देऊन खडा काढावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फोडून दाखवला. आत काय होतं ते बापलेकीनं पाहिलं. आखाजी त्या वर्षी धुळ्यातच झाली.

उखर्डू गावी परतला तेव्हा त्याच्या दोन्ही नाकपुड्या मोकळ्या होत्या. घरात शिरल्यावर त्याला पहिला वास आला तो स्वतःच्या उशीचा. तो बराच वेळ तिच्यापाशी उभा राहिला. मग उशी आणि गोधडी उचलून त्यानं स्वतःच मागच्या दारी नेली, भिजत घातली आणि सुनंदाबाईकडे न पाहता परत आला.

“हुंगून पाहाय,” तो तिच्यासमोर बसून म्हणाला. सुनंदाबाईनं वाकून वास घेतला. “नाही येत,” म्हणाली, आणि भाकरी थापायला वळली. त्यानंतरही ती भिंतीकडेच तोंड करून झोपते. आता तिला दुसऱ्या कुशीवर झोपच लागत नाही.

आणि गाव? वास गेला हे कळायला जवळ यावं लागतं. जवळ कोण येणार? तोताराम अजून पुडी गल्ल्यावर ठेवतो. भजनात जागा दाराशीच आहे. एसटीत ओळखीचं माणूस चढलं की मागे जाऊन बसतं. सुरुवातीला उखर्डू एकेकाला थांबवून सांगायचा, ऑपरेशन केलं, बघा, आता काही नाही. लोक ‘हो का, बरं झालं’ म्हणायचे आणि अंतर राखूनच चालू लागायचे. मग त्यानं सांगणं सोडलं. पुढच्या महिन्यात हिलालच्या नातवाचं बारसं झालं. उखर्डूला पाळण्यापाशी कोणी बोलावलं नाही, आणि तोही आपण होऊन गेला नाही. लेकीचा पाट हुकला तो हुकलाच. तो काही पुन्हा मांडला जात नाही.

सुपडू सध्या सांगतो, धुळ्याच्या डॉक्टरणीनं उखर्डूच्या तोंडातून जिवंत किडा काढला, बाटलीत घालून ठेवलाय, लोक पाहायला जातात. भिकुबाई म्हणते, मी सांगितलंच होतं.

उकिरड्यावर उखर्डूच्या तोंडात काहीही गेलं नव्हतं. तीनेक वर्षांचा असताना, दृष्ट लागू नये म्हणून आईनं मनगटात बांधलेल्या काळ्या मण्यांपैकी एक मणी त्यानं स्वतःच्या डाव्या नाकपुडीत घातला, आणि पन्नास वर्षं कोणी तिथं पाहिलं नाही.